ओझरचं मिग आणि परदेशी गिऱ्हाईक

सावदा-रावेर पट्ट्यातली केळी परदेशी निघाली की त्यांचा कंटेनर भुसावळ, जळगाव, पारोळा, धुळे करत मुंबई-आग्रा रस्त्याला लागतो आणि न्हावा-शेवाच्या बंदराकडे धावतो. मालेगाव गेलं, चांदवडजवळचा राहूड घाट ओलांडला, पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागा मागे पडल्या की ओझर येतं. इथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा, विमान कारखाना आहे. पंचक्रोशीत त्याला इतकं लांबलचक नाव कुणी घेत नाही. ‘मिगमध्ये नोकरीला आहे’, ‘मिगच्या गेटला उतरा’ असंच बोललं जातं. मिग-२१ची बांधणी थांबून चाळीसेक वर्षं होत आली तरी हे बोलणं काही बदललेलं नाही.

रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची जीआय मानांकनाची २२ टन केळी जून २०२१मध्ये दुबईला गेली, तेव्हा केंद्र सरकारने त्याचं पत्रक काढलं. त्या केळ्यांच्या वाटेवरच्या ओझरने तोवर जवळपास सहा दशकं लढाऊ विमानं बांधली होती. ध्वनीपेक्षा वेगवान, आणि तीही शेकड्यांनी. त्यातलं एकही परदेशी गिऱ्हाइकाला विकलं गेलेलं नव्हतं, आजही नाही. सगळी कामं करणारं, परवडणारं लढाऊ विमान देशात बांधायचं आणि जगाला विकायचं, हा बेत सध्या दिल्लीत मोठ्या उत्साहाने मांडला जातो, आणि त्याचा एक पाय ओझरला रोवलेला आहे. इतकी वर्षं तो का जमला नाही, याची उत्तरं ओझरच्याच इतिहासात सापडतात.

सुरुवात मात्र ओझरला झाली नाही. ती झाली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांपासून. १९३९मध्ये प्रशांत महासागरावरच्या विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली. पॉली तेव्हा चीनमध्ये विमानं जुळवण्याचा कारखाना चालवत होता. जहाजं, साखर, बांधकाम असे धंदे अंगावर घेतलेल्या वालचंदांना एवढी गाठ पुरेशी होती. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. म्हैसूर संस्थानाने जमीन दिली आणि २५ लाख रुपयेही घातले. १९४१मध्ये हार्लो हे सरावाचं विमान आणि पुढच्या वर्षी कर्टिस हॉक हे लढाऊ विमान तिथे जुळवून उडवलं गेलं. पण युद्ध दाराशी आलं होतं. १९४२मध्ये सरकारने वालचंदांचे भाग विकत घेतले आणि कारखाना ताब्यात घेतला.

खासगी व्यापाऱ्याने मांडलेला डाव असा दोन वर्षांत सरकारजमा झाला. त्याचा परिणाम त्या वेळी कुणाला जाणवला नसेल, पण तो दूरवर गेला. भारतात लढाऊ विमान बांधणारा एकच राहिला आणि घेणाराही एकच. गिऱ्हाईक शोधण्याची गरजच उरली नाही.

परवडणाऱ्या लढाऊ विमानाचं वेड मुळात इंग्लंडमधलं. १९५०च्या दशकात लढाऊ विमानं वर्षागणिक जड आणि महाग होत चालली होती. टेडी पेटर या अभियंत्याने उलटा विचार केला आणि फॉलंड कंपनीसाठी नॅट नावाचं चिमुकलं विमान आखलं. ब्रिटनच्या वायुदलाने त्याची लढाऊ आवृत्ती घेतलीच नाही, फक्त सरावाची घेतली. फिनलंडने डझनभर घेतली, युगोस्लाव्हियाने दोन. भारताने मात्र १९५६मध्ये परवाना घेऊन ते बंगळूरला बांधायला काढलं. सप्टेंबर १९६५मध्ये याच नॅटने पाकिस्तानची अमेरिकन सेबर विमानं पाडली. १९७१मध्ये श्रीनगरवर एकट्याने झुंज देऊन परमवीर चक्र मिळवणारे निर्मलजितसिंग सेखों नॅटमध्येच होते. स्वस्त विमान लढाईत टिकू शकतं, हे भारताइतकं दुसऱ्या कुणी सिद्ध केलं नाही. पण आराखडा इंग्रजांचा होता. पुढे भारताने त्यात सुधारणा करून ‘अजित’ बनवलं, तेही भारतीय वायुदलापुरतंच राहिलं.

मारुतची गोष्ट आणखी चटका लावणारी आहे. नेहरूंच्या सरकारने १९५६मध्ये कुर्ट टांक यांना बोलावलं. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनीचं फोके-वुल्फ १९० हे त्यांचंच अपत्य. युद्धानंतर ते अर्जेंटिनात गेले, तिथले अध्यक्ष पेरॉन यांच्यासाठी पुल्की नावाचं जेट आखलं, आणि तिथलं राजकारण फिरल्यावर बंगळूरला आले. १७ जून १९६१ रोजी एचएफ-२४ मारुत आकाशात गेलं. अंगाने ते देखणं आणि स्थिर होतं. कमतरता होती ती इंजिनाची. ध्वनीपेक्षा वेगाने जाण्यासाठी आखलेल्या या धुडाला नॅटमध्येच वापरलेली ऑर्फियस जातीची दोन छोटी इंजिनं बसवावी लागली, कारण हवं ते इंजिन कुणी रास्त अटींवर देईना.

तेव्हा इजिप्तची आठवण झाली. तिथले अध्यक्ष नासर यांनीही जर्मन-ऑस्ट्रियन तज्ज्ञ बोलावून स्वतःचं हलकं लढाऊ विमान आणि त्याचं इंजिन बनवायला घेतलं होतं. भारताने एक मारुत इजिप्तला पाठवलं. त्यात इजिप्तचं ई-३०० इंजिन बसवून चाचण्या झाल्या. दोन नव्या देशांनी मिळून विमान बनवायचं आणि दोघांनी वापरायचं, असं काहीतरी त्यातून उभं राहू शकलं असतं. १९६७च्या युद्धात इजिप्तचं कंबरडं मोडलं आणि पैशाअभावी १९६९मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. मारुतची एकूण १४७ विमानं बांधली गेली. १९७१च्या डिसेंबरमध्ये राजस्थानच्या सीमेवर त्यांनी जमिनीवरच्या फौजेला चांगली साथ दिली, आणि मग ती हळूहळू मोडीत निघाली. इंजिन दुसऱ्याच्या हातात असलं की आपलं विमान कितपत आपलं, हा प्रश्न तेव्हा पडला आणि अजून सुटलेला नाही.

ओझरचा जन्म याच ओढाताणीतला. पाकिस्तानला अमेरिकेची एफ-१०४ स्टारफायटर मिळाली आणि भारताला तशी मिळण्याची चिन्हं दिसेनात. ब्रिटन आणि अमेरिका नाराज होत असतानाही ऑगस्ट १९६२मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१चा करार झाला. या करारातली मोलाची गोष्ट विमानं नव्हती, ती भारतात बांधण्याचा परवाना होता. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन होते. दोनच महिन्यांत चीनने आक्रमण केलं, मेनन पायउतार झाले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले. १९६३मध्ये नाशिकच्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला अशी वाटणी झाली. कोरापुटमागे बिजू पटनायक आणि ओझरमागे यशवंतराव, असं त्या त्या ठिकाणचे लोक ठामपणे सांगतात. नाशिककरांच्या लेखी तर मिग ही बिनविरोध निवडीची परतफेडच.

त्याच धामधुमीत सावद्याहून तापी ओलांडली की लागणाऱ्या वरणगावला काडतुसांचा आयुध कारखाना आला. भुसावळची आयुध निर्माणी तर १९४९पासूनची. खानदेशातल्या आयटीआय झालेल्या फिटर-टर्नरसाठी तेव्हापासून ‘ऑर्डनन्स’, ‘रेल्वे’ आणि ‘मिग’ ही तीन ठिकाणं म्हणजे नशिबाची परीक्षा झाली.

१९६४मध्ये ओझरचा विभाग सुरू झाला. पहिली विमानं बांधली असं म्हणण्यापेक्षा उलगडली म्हणणं बरोबर: रशियातून मोठाल्या पेट्यांत सुटे भाग येत आणि ते जोडले जात. पुढच्या टप्प्यात मोठे भाग इथे जुळवायचे, मग छोटे सुटे भाग इथे घडवायचे आणि शेवटी पत्रा, सळ्या, ओतीव धातू अशा कच्च्या मालापासून अख्खं विमान उभं करायचं. तशा कच्च्या मालापासून बांधलेलं पहिलं मिग-२१ १९७०मध्ये वायुदलाच्या हाती पडलं. द्राक्ष-कांद्याच्या मुलखात, जिथे मोठं यंत्र म्हणजे साखर कारखान्याचा चरक होता, तिथे सहा वर्षांत हे घडलं. सोव्हिएत तज्ज्ञ वसाहतीत राहत, आराखडे रशियन भाषेत येत, ते उतरवून घ्यायला दुभाषे आणि अनुवादक असत. विमानाचा प्रत्येक भाग ज्या पोलादी चौकटीत धरून जोडतात तिला इथे ‘जिग’ म्हणतात. जिग मिलिमीटरभर सरकली तर विमान वाकडं उडतं. या जिगही हळूहळू ओझरलाच बनू लागल्या.

१४ डिसेंबर १९७१ रोजी मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं डागली. तिथे बैठक घेऊन बसलेल्या पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नराने राजीनामा लिहिला. मूळ मिग-२१ हे उंचावर झेपावून शत्रूचं विमान अडवण्यासाठी आखलेलं. त्याच्याकडून बॉम्बफेक, जमिनीवरचे हल्ले, टेहळणी अशी सगळी कामं भारताने करून घेतली. ‘बहुउद्देशीय’ हा शब्द संरक्षणाच्या कागदांत रूढ होण्याआधी गरिबाघरच्या सुनेसारखं हे विमान पडेल ते काम करत होतं.

एफएल, एम, बिस अशा आवृत्त्या मिळून भारतात ६५७ मिग-२१ बांधली गेली. त्यानंतर मिग-२७, जमिनीवरच्या लक्ष्यांसाठीचं, १६५ नग.

मग एवढ्या वर्षांत एखाद्या तरी परदेशी वायुदलाने ओझरचं मिग का घेतलं नाही? कारण सरळ आहे. परवान्यावर बांधलेलं विमान परवाना देणाऱ्याच्या संमतीशिवाय तिसऱ्याला विकता येत नाही, आणि मॉस्को स्वतःच मिग-२१ची जगातली सर्वांत मोठी विक्रेती होती. सोव्हिएत कारखान्यांतून दहा हजारांहून अधिक मिग-२१ बाहेर पडली आणि पन्नासहून अधिक देशांत गेली. गुरूच्या दुकानासमोर शिष्याने तोच माल मांडायचा, हे होणारच नव्हतं. भारतातून परदेशी गेली ती माणसं: इराकच्या वैमानिकांना मिग शिकवायला भारतीय वायुदलाचे प्रशिक्षक जात असत.

मिगच्या स्वस्तपणात आणखी एक खोच होती. दहा हजारांच्या संख्येमुळे एकेका विमानाची किंमत खाली आली होती. जिग, साचे, चाचण्या यांचा खर्च एकदाच होतो. तो शंभर विमानांवर वाटायचा की हजारांवर, यावर भाव ठरतो. ओझरला ही संख्या कधीच मिळाली नाही. पुढे सुखोईच्या वेळी तर ‘रशियातून तयार आणलेलं विमान ओझरला बांधलेल्यापेक्षा स्वस्त पडतं’ ही ओरड वारंवार झाली. देशात बांधलं म्हणून स्वस्त पडेल, हा समज इथे खोटा ठरला.

आणि स्वस्त विमानाची किंमत दुसऱ्या खात्यातही पडली. सरावासाठी आधुनिक जेट विमान वायुदलाकडे नव्हतं. नवशिके वैमानिक थेट मिग-२१वर जात. ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास उतरणारं, चुकीला माफी नसलेलं ते विमान. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१मध्ये राजस्थानातल्या सुरतगढला मिग अपघातात गेले. दोष वैमानिकावर ढकलला गेला, तेव्हा त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी सरकारशी आणि वायुदलाशी वर्षानुवर्षं झुंज दिली आणि अखेर मुलाच्या नावावरचा डाग पुसायला लावला. हॉक हे सरावाचं विमान घेण्याचा करार २००४मध्ये झाला. त्याची चर्चा तोपर्यंत वीसेक वर्षं चालली होती. ‘उडत्या शवपेट्या’ हे नाव याच काळात मिगला चिकटलं. ते पूर्ण न्याय्य नाही, पण ज्यांच्या घरातला मुलगा गेला त्यांना तो वाद कसा घालणार?

ओझरने या काळात एक काम फार चांगलं केलं, आणि त्याचं कौतुक कमी झालं. मिग-२१ बिस विमानांना नवं रडार, नवी क्षेपणास्त्रं, वैमानिकाने मान वळवून नुसतं बघितलं तरी नेम धरणारं शिरस्त्राण असा साज चढवून १२५ ‘बायसन’ तयार झाली. २००४मध्ये ग्वाल्हेरच्या संयुक्त सरावात या बायसननी अमेरिकेच्या एफ-१५ वैमानिकांना चकित केलं. जुन्या विमानात नवा जीव घालण्याची ही विद्या खरं तर परदेशी विकण्यासारखी होती. जगभर शेकडो मिग-२१ पडून होती. पण त्या बाजारात इस्रायल आणि रोमेनिया आधीच उतरले होते, रशिया होताच, आणि ओझर वायुदलाच्या कामातून डोकं वर काढत नव्हतं.

सुखोईची गंमत तर आणखी निराळी. १९९६मध्ये भारताने सुखोई-३० घेण्याचा करार केला आणि आपल्याला हव्या तशा गोष्टी सांगितल्या: पुढचे छोटे पंख, दिशा बदलणारी धुरांडी, फ्रान्स-इस्रायल-भारताची उपकरणं. त्यातून एमकेआय ही आवृत्ती घडली. डिसेंबर २०००मध्ये १४० विमानं ओझरला बांधण्याचा परवाना मिळाला, २००४च्या अखेरीस पहिलं विमान वायुदलाला दिलं गेलं, आणि आकडा वाढत वाढत २२२पर्यंत गेला. जे विमान भारताच्या सांगण्यावरून घडलं त्याचीच भावंडं रशियाने मलेशियाला आणि अल्जीरियाला विकली. मलेशियाच्या विमानांत काही उपकरणं भारतीय बनावटीची आहेत. विकणारा मात्र इर्कुत्स्कचा कारखाना. फर्माइश भारताची, पैसे रशियाचे.

या सगळ्या काळात ओझरच्या धावपट्टीवरून परदेशी काहीच गेलं नाही असं नाही. एचएएल आणि कंटेनर कॉर्पोरेशनने मिळून तिथे मालवाहतुकीचं केंद्र उभारलं आणि तिथून आखाती देशांत विमानाने शेळ्या-मेंढ्या गेल्या. सुखोईच्या शेजारी उभ्या मालवाहू विमानात बेंबाटणारा कळप चढतोय, हे दृश्य ओझरकरांनी पाहिलेलं आहे. यात हसण्यासारखं काही नाही. शारजाच्या व्यापाऱ्याला काय हवं, कधी हवं आणि कोणत्या कागदांसह हवं, हे त्या मेंढ्या पाठवणाऱ्याला ठाऊक होतं.

तेजसकडे यायचं तर १९८३मध्ये जावं लागतं. मिग-२१ची जागा घेणारं हलकं लढाऊ विमान देशातच आखायचं ठरलं, ते त्या वर्षी. पुढच्या वर्षी त्यासाठी एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी स्थापन झाली; कोटा हरिनारायण यांनी या कामाची धुरा सांभाळली. पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ला. वायुदलाची पहिली तुकडी जुलै २०१६मध्ये. मधल्या तेहेतीस वर्षांचा हिशेब मांडताना १९९८च्या अणुचाचण्यांनंतरचे अमेरिकन निर्बंध, कावेरी या देशी इंजिनाचं अपयश, वायुदलाच्या बदलत्या मागण्या अशी कारणं दिली जातात आणि ती खरीही आहेत. पण एकच गिऱ्हाईक आणि तेही हक्काचं असलं की उशिराची खंत कुणाला वाटत नाही, हेही तितकंच खरं आहे.

विमान म्हणून तेजस चांगलं आहे. सव्वातेरा मीटर लांब, रिकामं वजन साडेसहा टनांच्या आसपास. वजनाच्या हिशेबात निम्म्याहून थोडाच कमी सांगाडा कार्बन तंतूंचा. हवेतली लढाई, जमिनीवरचा मारा, समुद्रावरची टेहळणी एकाच विमानाकडून होते. मग विकायला अडचण काय?

मलेशियाने १८ हलकी लढाऊ विमानं घ्यायची ठरवली तेव्हा तेजस शर्यतीत होतं, पाकिस्तान-चीनचं जेएफ-१७ही होतं. २०२३मध्ये ९२ कोटी डॉलरचं ते काम दक्षिण कोरियाच्या एफए-५०ला गेलं. या एफए-५०मध्ये इंजिन कोणतं आहे? जनरल इलेक्ट्रिकचं एफ४०४, म्हणजे तेजसच्याच इंजिनाचं भावंड. तेव्हा इंजिन परकं असणं हा विक्रीतला अडथळा म्हणून सांगता येत नाही. कोरियाने पोलंडशी सप्टेंबर २०२२मध्ये ४८ विमानांचा करार केला आणि २०२३ संपता संपता त्यातली १२ पोहोचवलीही. तेजस मार्क-१ए चा ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१चा. पहिलं विमान मार्च २०२४मध्ये मिळायचं होतं. पहिलं इंजिनच अमेरिकेतून मार्च २०२५मध्ये आलं.

अर्जेंटिनात वेगळीच अडचण निघाली. फॉकलंडच्या युद्धापासून ब्रिटन त्या देशाला लष्करी सामान देत नाही, आणि तेजसमधली वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची ब्रिटिश मार्टिन-बेकरची आहे. अर्जेंटिनाने शेवटी २०२४मध्ये डेन्मार्ककडून २४ जुनी एफ-१६ घेतली. कुर्ट टांक यांच्या दोन देशांना जोडू शकला असता असा हा सौदा एका खुर्चीवर अडला. (फक्त खुर्चीवर नाही, जुनी एफ-१६ स्वस्तही होती आणि लगेच मिळणारी होती.)

विकल्यानंतरची जबाबदारी हा आणखी एक भाग. एचएएलने इक्वेडोरला ध्रुव जातीची सात हेलिकॉप्टरं विकली होती. चार कोसळली. सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत अशी तक्रार झाली आणि २०१५मध्ये त्या देशाने करारच मोडला. लॅटिन अमेरिकेत पुढच्या प्रत्येक बैठकीत हा विषय निघत असणार, हे सांगायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

सावद्याच्या केळी व्यापाऱ्याला यातलं काही नवं वाटणार नाही. परदेशी माल पाठवायचा तर घड उतरवून फण्या वेगळ्या करणं, धुणं, तेरा किलोच्या खोक्यात बसवणं आणि १३-१४ अंशांत थंड ठेवणं हे ठरल्या दिवशीच व्हावं लागतं. जहाज चुकलं तर भाव किती कमी लावला होता, हे कुणी विचारत नाही. तेजसच्या बाबतीत मात्र चर्चा नेहमी किमतीवर येऊन थांबते: अमुक विमानापेक्षा इतकं स्वस्त, तमुकपेक्षा इतकं. घेणाऱ्या देशाला पुढची तीस वर्षं ते उडवायचं असतं आणि त्या तीस वर्षांतलं इंधन, सुटे भाग आणि दुरुस्ती यांच्यापुढे मूळ किंमत लहान पडते.

ओझरचे दिवस मधल्या काळात पातळ झाले होते. सुखोईची मागणी संपत आली, नवं काम दिसेना, कामगार संघटना आणि नाशिकचे लोकप्रतिनिधी दिल्लीच्या वाऱ्या करू लागले. डिसेंबर २०२४मध्ये आणखी १२ सुखोईंचं साडेतेरा हजार कोटींचं काम मिळालं. त्याआधीच तेजससाठी तिसरी लाइन ओझरला टाकायचं ठरलं होतं. पहिल्या दोन बंगळूरला. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत ओझरला बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं.

ही बांधणी मिगच्या काळासारखी नाही. पंख कोइंबतूरहून लार्सन अँड टुब्रोकडून येतात, मधलं धड हैदराबादच्या व्हीईएमकडून, मागचा भाग बंगळूरच्या अल्फा टोकोलकडून. ओझरच्या हँगरमध्ये ते जिगमध्ये बसवून एकमेकांना भेटवायचे. मिगच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याला भोक पाडताना कड खडबडीत झाली तर कानशीने साफ करून घेता येत असे. कार्बनच्या थरांत ड्रिल जरा जास्त रेटलं, तर आतले थर सुटतात आणि वरून काही दिसतही नाही. मग पूर्ण भाग तपासणीला जातो. तीस वर्षं रिव्हेट मारलेल्या हातांना ही नवी सवय लावून घ्यावी लागली आहे. खासगी कंपन्या आत आल्या, हा बदल त्याहून मोठा. १९४२मध्ये वालचंदांना बाहेर काढल्यानंतर लढाऊ विमानाच्या बांधणीत इतका मोठा वाटा खासगी कारखान्यांना आत्ता मिळतो आहे.

२५ सप्टेंबर २०२५ रोजी वायुदलाने आणखी ९७ तेजसचा ६२ हजार ३७० कोटींचा करार केला. दुसऱ्या दिवशी चंदीगढला मिग-२१ने निरोप घेतला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एचएएलने जनरल इलेक्ट्रिककडून आणखी ११३ इंजिनं मागवली. आणि २१ नोव्हेंबर २०२५ला, दुबईच्या हवाई प्रदर्शनात, जगभरच्या संभाव्य गिऱ्हाइकांसमोर कसरती करताना तेजस कोसळलं. विंग कमांडर नमांश स्याल त्यात गेले. अशा प्रदर्शनांत मोठमोठ्या देशांची विमानं याआधीही पडली आहेत. १९८९मध्ये पॅरिसला मिग-२९ पडलं होतं आणि तरी पुढे ते विकलं गेलं. मात्र मिग-२९ तेव्हा शेकड्यांनी उडत होतं. तेजसची संख्या अजून चाळिशीच्या घरात आहे. तेवढ्या उड्डाणांवर नवख्या गिऱ्हाइकाचा भरवसा बसणं कठीण.

त्यात रांगेचा हिशेब आहे. ८३ आणि ९७ मिळून १८० विमानं वायुदलालाच द्यायची आहेत. ओझरची लाइन वर्षाला आठ काढणार, तिन्ही मिळून चोवीस. सगळं वेळेवर झालं, इंजिनं ठरल्या दिवशी आली, तरी साडेसात वर्षांचं काम आहे. लढाऊ तुकड्या २९वर आलेल्या वायुदलाला स्वतःचा नंबर मागे सारून परदेशी गिऱ्हाइकाला आधी द्या, असं सांगणारा संरक्षणमंत्री सापडणं अवघड. लाइन वाढवायची तर इंजिनं वाढवून मिळायला हवीत, आणि ती मॅसॅच्युसेट्समधल्या लिनच्या कारखान्यावर अवलंबून आहेत.

१७ ऑक्टोबरला ओझरमध्ये तेजसबरोबर आणखी एका लाइनची फीत कापली गेली, तिच्याकडे कॅमेऱ्यांचं फारसं लक्ष नव्हतं. एचटीटी-४० हे पंख्याचं, सरावाचं साधं विमान. वायुदलाने २०२३मध्ये ७० मागवली आहेत. छोट्या देशांना लढाऊ विमान परवडो न परवडो, वैमानिक शिकवायला असं विमान लागतंच. किमतीला ते आवाक्यातलं, सुटे भाग मोजके, आणि रांगही छोटी. ओझरहून परदेशी विकलं जाणारं पहिलं विमान लढाऊ नसेल, हे असेल, असा अंदाज बांधायला हरकत नाही.